डबा आधी, ओपनर नंतर : येवल्याच्या स्वयंपाकघरातून पाहिलेला एका लहानशा हत्याराचा इतिहास

(१)
अन्न टिनच्या डब्यात बंद करून टिकवण्याच्या पद्धतीला इंग्लंडमध्ये पेटंट मिळाले ते १८१० साली. तो डबा उघडण्यासाठी खास बनवलेल्या हत्याराला पेटंट मिळाले १८५५ साली. मध्ये तब्बल ४५ वर्षे गेली. कुलूप आधी तयार झाले आणि किल्ली जवळजवळ अर्ध्या शतकाने आली, असा हा विलक्षण प्रकार आहे. आज कोणत्याही भांड्यांच्या दुकानात ओपनरचे चार-पाच नमुने टांगलेले दिसतात आणि कोणता घ्यावा हे गिऱ्हाइकाला चटकन उमगत नाही. त्या नमुन्यांमागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो समजला की निवडही सोपी होते.

(२)
या इतिहासाकडे नाशिक जिल्ह्यातील येवल्यातून पाहण्यास कारण आहे. येवला हे पैठणीचे गाव. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा वेलबुट्टी विणताना विणकर वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्या ताण्याच्या धाग्यांतून हातांनीच फिरवतो. बोटाच्या टोकाला साधी चीर पडली तरी तिथे रेशीम अडकते आणि रक्ताचा एक थेंब कापडावर पडला तर अनेक दिवसांच्या कामाला डाग लागतो. अशा घरात पत्र्याच्या धारदार कडेने बोट कापणे म्हणजे माग थांबणे आणि माग थांबणे म्हणजे मजुरी थांबणे. ओपनर कसा असावा हा प्रश्न इथे पोटापाण्याशी जोडलेला आहे.

(३)
डबा येण्यापूर्वीही येवल्याचे स्वयंपाकघर वर्षभराची बेगमी करतच होते. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, शेवया वाळत. कैरीचे लोणचे चिनी मातीच्या बरणीत भरले जाई. कांदा हवेशीर चाळीत ठेवला जाई. या साऱ्या साठवणीत एक गोष्ट समान होती : उघडण्यासाठी वेगळे हत्यार लागत नसे. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर दादरा बांधलेला असे. त्याची गाठ सोडली की बरणी उघडली, पुन्हा बांधली की बंद झाली. उन्हाने, मिठाने आणि तेलाने टिकलेल्या अन्नाला हवेचा थोडा स्पर्श सोसत असे. टिनच्या डब्यातल्या अन्नाला तो मुळीच सोसत नाही, आणि ओपनरचा सगळा इतिहास या एका फरकातून निघाला आहे.

(४)
हवाबंद अन्नाची कल्पना मूळची फ्रान्सची. निकोला अपेर हा मिठाई आणि स्वयंपाकाचा व्यवसाय करणारा माणूस. अन्न काचेच्या बाटलीत भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि ती बाटली उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायची, ही रीत त्याने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून बसवली. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले, आणि त्याबदल्यात त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने जाहीर केली. अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्मजीवांचे कार्य लुई पाश्चरने उलगडून दाखवले त्याला अजून अर्धे शतक अवकाश होता.

(५)
काच फुटते. म्हणून त्याच वर्षी लंडनच्या पीटर ड्युरांडने घेतलेल्या पेटंटमध्ये काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या भांड्यांचाही समावेश केला. ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांनी ते पेटंट विकत घेऊन लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना काढला. १८१३ च्या सुमारास तिथले डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले. येवल्याच्या कालगणनेत सांगायचे तर रामचंद्र पांडुरंग टोपे, म्हणजेच सत्तावन्नच्या संग्रामातील तात्या टोपे, यांचा १८१४ साली येवल्यात जन्म झाला त्याच सुमाराची ही गोष्ट.

(६)
ते डबे आजच्यासारखे हलके नव्हते. पत्रा जाड, प्रत्येक सांधा हाताने डाख देऊन जोडलेला. एक कारागीर दिवसभरात मोजकेच डबे बनवू शकत असे. ध्रुवप्रदेशाच्या शोधात निघालेल्या विल्यम पॅरीच्या १८२४ च्या मोहिमेबरोबर गेलेला भाजलेल्या मांसाचा एक डबा आजच्या काळापर्यंत टिकून राहिला. त्यावरची सूचना अशा आशयाची आहे की, डब्याचा वरचा भाग बाहेरच्या कडेलगत छिन्नी-हातोडीने कापावा. म्हणजे जेवायला बसण्यापूर्वी लोहारकाम करायचे. सैनिक तर संगीन आणि चाकूही वापरत.

(७)
मग उघडण्याचे साधन इतक्या उशिरा का आले? पहिले कारण पत्र्याचे. जाड पत्रा हाताच्या जोराने कापेल असे लहान हत्यार करणे अवघड होते. पत्रा पातळ होत गेला तेव्हाच ते शक्य झाले. दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. पहिले डबे घरांसाठी नव्हतेच. ते जहाजांवर आणि छावण्यांत जात, आणि तिथे छिन्नी, हातोडी व बळकट हात यांची वाण नव्हती. डबा स्वयंपाकघरात शिरला तेव्हा कुठे तो उघडणाऱ्या व्यक्तीच्या हातांचा विचार सुरू झाला. हत्यारांच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : वस्तू कोण वापरते यावर तिच्या सुधारणेचा वेग ठरतो.

(८)
१८५५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट येट्सने पहिला ओपनर केला. तो चाकू-सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर होता. त्याच्या हत्यारात एक टोकदार पाते होते. ते झाकणात खुपसायचे आणि दांडा खालीवर करत पत्रा फाडत न्यायचा. १८५८ मध्ये अमेरिकेतील एझ्रा वॉर्नर याने जवळपास याच तत्त्वावरच्या हत्याराचे पेटंट घेतले. अमेरिकी यादवी युद्धात ते सैन्याला मिळाले. सामान्य माणसाला मात्र ते धोक्याचे वाटे आणि किराणा दुकानदारच डबा उघडून गिऱ्हाइकाच्या हाती देत, असे सांगितले जाते. फाटलेल्या पत्र्याची करवतीसारखी कड हा या जातीचा मूळ दोष. आजही बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा ओपनर याच घराण्यातला आहे.

(९)
या डब्यातला धातू मराठी घराला अगदीच परका नव्हता. पितळी पातेल्याला आतून कल्हई करतात ती कथिलाचीच. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापडाच्या बोळ्याने पुसून भांडे चांदीसारखे लखलखीत करतो. आंबट पदार्थ पितळेला लागून कळकू नये यासाठी ही खटपट. टिनच्या डब्यातही तेच तत्त्व आहे. लोखंडाचा पातळ पत्रा, त्यावर कथिलाचा मुलामा, म्हणजे गंज धरत नाही आणि अन्नाला लोखंडाची चव लागत नाही. म्हणून नाव ‘टिन’, जरी डब्याचे अंग लोखंडाचे असले तरी. हा मुलामा खरवडला गेला की त्या जागी गंज सुरू होतो, ही बाब पुढे ओपनर निवडताना उपयोगी पडते.

(१०)
१८६६ मध्ये अमेरिकेत जे. ऑस्टरहाउट याने किल्लीने उघडणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. इथे ‘किल्ली’ हा शब्द शब्दशः घ्यावा. पत्र्याची एक पट्टी आधीच कमकुवत करून ठेवलेली असे. तिचे टोक किल्लीच्या खाचेत अडकवून किल्ली पिळत नेली की पट्टी तिच्याभोवती गुंडाळली जाई. खारवलेल्या गोमांसाच्या आणि माशांच्या डब्यांमुळे ही रीत जगभर पसरली. गैरसोय दोन प्रकारची होती. किल्ली हरवली तर डबा हट्टाला पेटे, आणि गुंडाळलेली पट्टी वस्तऱ्यासारखी धारदार असे.

(११)
खरा बदल चाकाने घडवला. १८७० मध्ये अमेरिकेच्या विल्यम लायमनने पात्याऐवजी फिरणारे धारदार चाक वापरले. झाकणाच्या मधोमध एक टोक रोवायचे आणि त्याभोवती कंपासासारखे चाक फिरवायचे. कड बरीच सरळ कापली जाई, पण प्रत्येक आकाराच्या डब्यासाठी हत्यार नव्याने जुळवून घ्यावे लागे. १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार कंपनीने दुसरे, दातेरी चाक जोडले. हे चाक डब्याची कड खालून पकडते, कापणारे चाक वरून दाबते आणि मूठ फिरवली की डबा आपोआप पुढे सरकतो. डबा लहान असो वा मोठा, जुळवाजुळव नको. आज घरोघरी असलेला पकडीसारखा ओपनर याच कल्पनेतून आला आहे.

(१२)
तोवर येवल्यात टिन पोहोचले होते, ते वेगळ्याच वाटेने. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि येवला त्या मार्गावरचे स्थानक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी खनिज तेल भारतभर पसरत होते आणि ते चौकोनी टिनच्या डब्यांतून विकले जाई. इंग्रजीतील ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘रॉकेल’ झाले. खेड्यापाड्यांतील असंख्य घरांची टिनशी पहिली ओळख झाली ती या डब्याने. अन्नाचा बंद डबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

(१३)
या रॉकेलच्या डब्याने मराठी घराला एक सवय लावली. आतले तेल संपले की डब्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. वरचा पत्रा नीट कापून, कड आत दुमडून, लाकडी दांडी बसवली की पाण्याची बादली झाली. झाकण बसवले की धान्याचा डबा. उलगडून सपाट ठोकला की छपराचा पत्रा. ही मागणी एवढी होती की १९२० मध्ये बर्मा ऑइल आणि टाटा स्टील यांनी मिळून जमशेदपूरजवळ टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि तिच्यासमोर प्रामुख्याने तेलाचे डबेच होते. पाश्चात्त्य घरात डबा उघडला की काम संपले. इथे उघडल्यावर काम सुरू होई. म्हणून डबा ‘फोडणे’ आणि डबा ‘कापणे’ हे दोन वेगळे व्यवहार ठरले.

(१४)
शिजवलेल्या अन्नाच्या बंद डब्याला मात्र घरात शिरायला वेळ लागला. त्यामागे पैसा होताच, शिवाशिवही होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर बहिष्काराचे आणि प्रायश्चित्ताचे प्रकरण ओढवले. अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न विचारणाऱ्या समाजात बंद डबा उत्तरच देत नसे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. माणसाच्या स्पर्शाने पाणी आणि देऊळ बाटते असे मानणारी व्यवस्था ज्या काळात इतकी घट्ट होती, त्या काळात अनोळखी हातांनी शिजवलेले अन्न सवर्ण घराच्या चुलीपर्यंत सहज पोहोचणे शक्य नव्हते.

(१५)
सैन्यात हीच सीमारेषा शिध्याच्या यादीत उमटली. पहिल्या महायुद्धात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मराठा पलटणींचे सैनिक मेसोपोटेमियात लढले आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत येथील वेढ्यात अडकले. ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात डबाबंद गोमांस ही नित्याची वस्तू होती. भारतीय सैनिकाच्या शिध्याचा पाया पीठ, डाळ, तूप हा होता. एकाच खंदकात दोन स्वयंपाकघरे नांदत होती : एकाला ओपनर हवा, दुसऱ्याला तवा.

(१६)
नाशिक जिल्ह्यात ब्रिटिश लष्कराचे मोठे ठाणे म्हणजे देवळाली. मायदेशी परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट पाहत इथे थांबत, आणि त्या कंटाळवाण्या मुक्कामातून ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. छावणी आणि डबा यांचे नाते जुनेच. त्या नात्यातले सर्वांत सुबक अपत्य १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात जन्मले. ‘पी-३८’ नावाचा हा ओपनर बोटाच्या दोन पेरांएवढा : एक पत्रा, त्याला बिजागरीने जोडलेले छोटे पाते, बस्स. खिशात मावणारा, स्वस्त, न बिघडणारा. वेळ मात्र लागे आणि कड दातेरी राही. सैनिकाला ते चालत होते. स्वयंपाकघराची गरज निराळी होती.

(१७)
मराठी घरात डबा खऱ्या अर्थाने घरचा झाला तो तेला-तुपामुळे. मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. खजुराच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा इतका सर्वदूर गेला की वनस्पती तुपालाच लोक डालडा म्हणू लागले. तूप संपल्यावर त्याच डब्यात कुणी तुळस लावली, कुणी डाळ भरली, कुणी खिळे-मोळे ठेवले. रॉकेलच्या डब्याने लावलेली सवय स्वयंपाकघरात पक्की झाली. ‘टिनपाट’ हा शब्द मराठीत कुचकामी या अर्थाने वापरतात, पण त्याच मराठी घरात रिकामा डबा फेकून देणे म्हणजे उधळपट्टी मानली जाई.

(१८)
या सवयीला साजेसा डबा म्हणजे दाबून बसवलेल्या गोल झाकणाचा. दूध पावडर, बाळाचे अन्न, चॉकलेटची पूड अशा डब्यांना असे झाकण असे. ते उघडण्याचे घरगुती हत्यार एकच : चमच्याचा दांडा. झाकणाखाली दांड्याचे टोक घालून कडेकडेने उचकटत नेले की झाकण टपकन सुटे. आतला पातळ वर्ख फाडला की काम झाले. कड धारदार नाही, झाकण शाबूत, डबा पुढची दहा वर्षे फोडणीच्या साहित्यासाठी तयार. कित्येक मराठी घरांत ओपनर विकत घेतला गेला नाही, त्यामागे हे साधे कारण आहे. जो डबा घरात येत होता त्याला त्याची गरजच नव्हती.

(१९)
पूर्ण बंद डब्यांनाही युक्ती सापडली होती. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला वर समोरासमोर दोन भोके पाडतात. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा आत शिरते. दुसरे भोक नसेल तर धार अडखळत, गचके खात पडते. आटीव दुधाच्या लहान डब्यालाही हाच न्याय. इथवर खिळा आणि बत्ता पुरत होते. पण डब्यात रस, फोडी किंवा दाणे असतील तर भोकांनी भागत नाही, झाकण पूर्ण उघडावेच लागते. ती वेळ आमरसाने आणली.

(२०)
कोकणात हंगामाच्या अखेरीस लहान किंवा डागी हापूस ‘कॅनिंगला’ जातो, हा तिथला रूढ शब्दप्रयोग. त्याचा रस टिनमध्ये बंद होतो. घरगुती वापराचा डबा ८५० ग्रॅमचा, हॉटेल व कारखान्यांसाठीचा सुमारे ३.१ किलोचा. त्यामुळे दिवाळीत किंवा हिवाळ्यातल्या लग्नातही येवल्याच्या पंगतीत आमरस वाढता येऊ लागला. परदेशातील मराठी घरांत तर हा ८५० ग्रॅमचा डबा पाडव्याच्या आम्रखंडाचा आधार आहे. ज्या घरांनी चमच्याच्या दांड्यावर दोन पिढ्या काढल्या, त्यांच्या खणात ओपनर आला तो बहुधा आंब्याच्या पाठोपाठ.

(२१)
आता डब्याच्या कडेकडे नीट पाहावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अन्नाच्या डब्याचे झाकण डाख न देता दुहेरी दुमडीने बसवू लागले. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत गुंतवून दाबतात, मध्ये रबरासारखे लुकण असते. त्यामुळे डाखातले शिसे अन्नाजवळून हटले. नेहमीचा चाकाचा ओपनर या दुमडीच्या आत, झाकणाच्या सपाट भागावर कापतो. म्हणून झाकण आत पडते, चाक रसात बुडते आणि डब्यावर धारदार कड उरते. नव्या पद्धतीचा बाजूने कापणारा ओपनर दुमडीलाच बाहेरून चिरतो. झाकण दुमडीसह अखंड निघते, पुन्हा वर ठेवता येते, आणि झाकणाची व डब्याची कड बोटाला सहसा कापत नाही.

(२२)
ओपनरच नको, असाही एक मार्ग निघाला. अमेरिकेतील एर्मल फ्रेझ याला १९५९ मध्ये सहलीला गेल्यावर ओपनर विसरल्याचे लक्षात आले, आणि त्यातून पेयाच्या डब्याला जोडलेल्या कडीची कल्पना निघाली. त्याला पेटंटही मिळाले. पुढे अन्नाच्या डब्यांनाही पूर्ण झाकण ओढून काढणारी कडी आली. सोय मोठी, पण ओढून काढलेल्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि शेवटच्या झटक्याला हात निसटला तर बोट नेमके तिच्यावर जाते. कडी उचलायला नखाचा जोरही लागतो. वृद्ध किंवा सांधे धरलेल्या हातांना ती जड जाते. कडीऐवजी चमच्याचा दांडा खाली घालून उचलणे अधिक सुरक्षित. जुनी युक्ती इथेही कामी येते.

(२३)
ओपनर कितीही चांगला असो, काही डबे त्याने उघडूच नयेत. फुगलेला, गळणारा, दुमडीवर खोल चेपलेला किंवा गंजून भोक पडलेला डबा टाकून द्यावा. डबा फुगतो तो बहुधा आत जंतू वाढून वायू साठल्यामुळे. यातील बोट्युलिनम जातीच्या जंतूचे विष अत्यल्प मात्रेतही जिवावर बेतते, आणि ते असलेल्या अन्नाला प्रत्येक वेळी वास किंवा वेगळी चव येतेच असे नाही. उघडताना आतून रस जोराने उसळला, तर चाखून पाहण्याचा मोह टाळावा. डबा हवाबंद राहिला पाहिजे ही अपेरच्या बाटलीपासूनची एकच अट आहे. ती मोडली की डब्यातले अन्न अन्न राहत नाही.

(२४)
या इतिहासातून निवडीचे निकष सरळ निघतात. वर्षाला दोन-तीन डबे उघडणाऱ्या घराला महागड्या यंत्राची गरज नाही, दोन चाकांचा साधा पकडीसारखा ओपनर पुरतो. घेताना दोन्ही चाके एकमेकांना भिडतात का, मूठ जाड आणि फिरवणी मोठी आहे का, पाते न गंजणाऱ्या पोलादाचे आहे का, हे पाहावे. डावखुऱ्या व्यक्तीने तो हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण बहुतेक नमुन्यांची फिरवणी उजव्या हातासाठी असते. मनगटात जोर नसेल तर विजेवर किंवा सेलवर चालणारा बरा. पाते खुपसून फाडणारा स्वस्त ओपनर सहलीच्या पिशवीत ठेवावा, रोजच्या खणात नको. ज्या घरात लहान मुले आहेत, डबे पुन्हा वापरले जातात किंवा हातांवर पोट आहे, तिथे बाजूने कापणाऱ्या ओपनरला चार पैसे जास्त द्यावेत.

(२५)
निगाही त्याच न्यायाने. आतून कापणारे चाक दर वेळी अन्नाला लागते, तेव्हा ते विळीइतक्याच काळजीने धुवून, पुसून कोरडे ठेवावे. दातांत अडकलेला रस सुकला की तिथेच जंतूंना घर मिळते. उरलेले अन्न उघड्या डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे. मुलामा खरवडलेल्या जागी आंबट रस लोखंडाला लागतो, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते तसाच. रिकामा डबा ठेवायचा असेल तर कड आत दुमडून, ठोकून बोथट करावी, रॉकेलच्या डब्याची बादली करणारे कारागीर करत तशीच.

(२६)
छिन्नी-हातोडीपासून बाजूने कापणाऱ्या चाकापर्यंतचा हा प्रवास पाहिला तर डब्याच्या आतले तत्त्व १८१० पासून फारसे बदललेले नाही. बदलत गेली ती डबा उघडणाऱ्या हाताची किंमत. खलाशी आणि सैनिक यांच्या हाताला जखम झाली तर कोणी मोजत नव्हते. घरातल्या हाताचा विचार सुरू झाला तेव्हा चाक आले, दाते आले आणि शेवटी बोथट कड आली. येवल्याच्या एखाद्या घरात दुपारी आमरसाचा डबा उघडून, हात धुवून विणकर पुन्हा मागावर बसतो आणि मोराच्या पिसाऱ्याचा धागा बोटाला न अडकता पुढे सरकतो, तेव्हा या दोनशे वर्षांच्या खटाटोपाचे चीज होते.

(धागा समाप्त)